आता माझ्यासाठी एवढा खर्च कशाला?

प्रश्न : माझं वय ६८. चौदा महिन्यांपूर्वी हे गेले. शेवटची पाच वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश होता. अंघोळ घालण्यापासून रात्र-रात्र उशाशी बसण्यापर्यंत सगळं मीच केलं. शेवटचे दोन महिने ते अतिदक्षता विभागात होते, त्यात आमची निम्मी बचत संपली. मुलगा-मुलगी गुणी आहेत, पण लांब राहतात. दर सहा महिन्यांनी ती माझं फुल बॉडी चेकअप करून घेतात. मधूनमधून छातीत धडधडतं, पाठ भरून येते. मग डॉक्टरांकडे जाते, तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. खरं दुखणं वेगळंच आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. श्रवणयंत्र आणि ऑपरेशन, दोन्ही मी टाळतेय. ब्लडप्रेशरची गोळी दिवसाआड घेते, पाकीट जास्त दिवस पुरतं. झोपेची गोळी मात्र चुकत नाही. मुलं रागावतात. मी म्हणते, आता कोणासाठी ऐकायचं आणि कोणासाठी बघायचं? उरलेले पैसे त्यांच्या नावे करून मोकळं व्हावंसं वाटतं. आणखी एक, जे कोणाला बोलले नाही. काही सकाळी उठल्यावर मला हलकं वाटतं, आणि मग दिवसभर स्वतःची लाज वाटत राहते. मी वाईट बायको होते का? आणि हे कधी बरं होतं का?

उत्तर :

ताई,

तुमच्या प्रश्नांना मी तुम्ही लिहिलेल्या क्रमाने उत्तर देणार नाही. कोणाला न बोललेली गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत आणि मला वाटतं, पैशांच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे.

पाच वर्षं तुम्ही झोपेतसुद्धा जाग्या होतात. ते उठले का, दार उघडून बाहेर तर गेले नाहीत ना, पडले तर नाहीत ना. ती राखण आता संपली आहे आणि शरीराला ते मनाच्या आधी कळलं आहे. सकाळचं ते हलकेपण तिथून येतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या माणसाची सेवा करून पुढे त्याला गमावलेल्या २१७ जणांचा एक अभ्यास अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७२ टक्के लोकांनी सांगितलं, की त्या मृत्यूने आपली सुटका झाल्यासारखं वाटलं. आजारी माणसाचीही सुटका झाली असं वाटणारे तर नव्वद टक्क्यांहून जास्त होते. ही माणसं काही अंग चोरणारी नव्हती. त्यांतली निम्मी आठवड्याचे ४६ तास किंवा त्याहून जास्त वेळ सेवेत घालवत होती. मृत्यूनंतर वर्षभरात त्यांच्या मनावरचं मळभ सेवेच्या काळापेक्षाही कमी झालेलं आढळलं. तुम्हाला जे वाटतं ते इतक्या जणांनी बोलून दाखवलं आहे. तुम्ही वाईट बायको नव्हतात. तुम्ही फार दमलेल्या बायको होतात.

आता ही लाज घेऊनच खर्चाच्या प्रश्नाकडे येऊ. श्रवणयंत्र नको म्हणण्यात काटकसर किती आणि प्रायश्चित्त किती, हे एकदा शांतपणे स्वतःला विचारा. मला त्यात प्रायश्चित्ताचा वाटा मोठा दिसतो, कारण तुमचा हिशेब काटकसरीच्या हिशेबासारखा चालतच नाही. तुमचं पत्र मी त्या दृष्टीने पुन्हा वाचलं. ज्याने फारसं काही हाती लागत नाही, त्यावर तुमच्या घरात पैसे खर्च होताहेत : चेकअप, पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासण्या, झोपेची गोळी. आणि ज्याने तुमचा रोजचा दिवस बदलेल, तिथे हात आखडला जातो : ब्लडप्रेशरची गोळी, कान, डोळा. हे उलटं करायचं आहे. एकूण खर्च कदाचित फारसा वाढणारही नाही.

सगळ्यात आधी ब्लडप्रेशरची गोळी. ती उद्यापासून सांगितल्याप्रमाणे रोज घ्या आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटून खरं सांगा, की इतके महिने दिवसाआड घेत होते. हे सांगणं महत्त्वाचं आहे. तुम्ही रोज गोळी घेता असं डॉक्टर धरून चालतात. मग आकडा वर दिसला की मात्रा वाढते, धडधड ऐकली की नवी तपासणी लिहून दिली जाते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या अशा असतात, की त्या मध्येच सोडल्या तर धडधड उलट वाढते. तुमची गोळी त्यांपैकी आहे का हे डॉक्टर एका मिनिटात सांगतील, पण त्यांना विचारलं तर. पुष्कळ तपासण्या करूनही कारण सापडत नाही, तेव्हा कधी कधी कारण आपणच सांगितलेलं नसतं.

हृदयाची ही चिंता वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंचावन्न वर्षं आणि त्यापुढच्या ४,४८६ विधुर पुरुषांचा अभ्यास छापला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होतं आणि त्यात हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा होता. पुढच्या अभ्यासांत विधवा स्त्रियांमध्येही अशी वाढ दिसली, पुरुषांपेक्षा कमी. सगळ्यात अवघड महिने तुमच्या मागे पडले आहेत, हे आवर्जून लक्षात घ्या. तरी चालताना किंवा जिना चढताना छाती भरून आली, दम लागला, घाम फुटला, चक्कर आली, तर मागचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून थांबू नका. त्या क्षणी मदतीला कोणाला तरी बोलवा.

डॉक्टरांकडे वरचेवर जाण्याबद्दल थोडं जपून लिहिते, कारण यात तुम्हाला दोष द्यायचा नाही. दवाखान्यात कोणीतरी समोर बसवून “कसं वाटतंय?” असं विचारतं. नाडी बघायला हात हातात घेतं. पाच वर्षं तुम्ही दुसऱ्याची नाडी बघत होतात, त्याआधीही घरातल्या सगळ्यांची. तुमची कोणी बघितली? अमेरिकेतल्या वृद्धांच्या एका मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ज्यांचा एकटेपणा वर्षानुवर्षं टिकून राहतो, त्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या जास्त होतात. ही गरज अगदी खरी आहे. फक्त ती तपासण्यांच्या बिलातून भागवली, की पैसेही जातात आणि घरी परत आल्यावर घर तितकंच रिकामं असतं.

मुलांच्या चेकअपबद्दलही स्पष्ट बोलते. ते प्रेमापोटी आहे, लांब राहणाऱ्या लेकरांना काहीतरी केल्याचं समाधान त्यातून मिळतं. पण लक्षणं नसलेल्या माणसांच्या सरसकट आरोग्य तपासण्यांचा उपयोग होतो का, हे बघणाऱ्या संशोधन-चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये पुन्हा आढावा घेतला. सतरा चाचण्या, अडीच लाखांहून अधिक माणसं. अशा तपासण्यांनी मृत्यूचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. त्यात केवळ पासष्टीपुढच्यांवर केलेल्या चाचण्या धरलेल्या नव्हत्या, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावता येणार नाही. पण दर सहा महिन्यांनी सगळं शरीर पालथं घालण्यापेक्षा तुमचा इतिहास माहीत असलेल्या एका डॉक्टरने ब्लडप्रेशर, साखर, वजन, पायांची ताकद, झोप आणि मनःस्थिती वेळच्या वेळी पाहणं जास्त मोलाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. मुलांना सांगा, “पुढच्या चेकअपचे पैसे माझ्या कानांसाठी द्या.” त्यांना नकार ऐकायची सवय झाली आहे. हे ऐकून ती हरखतील.

कानांबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण कान गेला की माणसं जातात. फोनवर समोरचं नीट कळत नाही, म्हणून आपण दोन वाक्यांत “बरं आहे” म्हणून ठेवून देतो. चार जणांत बसलं की कोणी हसलं म्हणून आपणही हसतो, आणि मग पुढच्या वेळी जायचंच टाळतो. जोडीदार असताना तो मध्ये पडून पुन्हा सांगायचा. आता ते सांगणारं कोणी नाही. एकटेपणाचा जो भाग तुम्हाला नवरा गेल्यामुळे आला असं वाटतं, त्यातला काही भाग नक्की कानांमुळे आहे, आणि तेवढा तरी परत मिळवता येतो. शिवाय ज्या आजाराने तुमचा संसार असा झिजवला, त्याच्याशीही याचा संबंध आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने स्मृतिभ्रंशावर नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे चौदा धोके मांडले. ऐकू कमी येणं, उपचार न केलेला दृष्टिदोष, समाजापासून तुटणं आणि उच्च रक्तदाब, हे चारही त्या यादीत आहेत. हे चारही तुमच्या पत्रात आहेत. घाबरवायला लिहीत नाही. श्रवणयंत्र हा काही स्मृतिभ्रंशाचा विमा नव्हे. २०२३ मध्ये अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या सुमारे हजार जणांवर झालेल्या चाचणीत सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका आधीच जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मी मात्र तुम्हाला यंत्र घ्या म्हणते ते मुलीशी फोनवर अर्धा तास बोलता यावं यासाठी. बाकी फायदा झाला तर झाला.

जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. आधी कानाच्या डॉक्टरांकडून मळ किंवा संसर्ग नाही ना हे बघून घ्या. मग श्रवणचाचणी. यंत्र दाखवतील तेव्हा सर्वांत महाग तेच चांगलं असं समजू नका. काही आठवडे वापरून बघता येतं का, नंतरची जुळणी किंमतीत धरली आहे का आणि बिघडलं तर कोण बघतं, हे तिथेच विचारा. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजसुद्धा अंगावर येईल. बरेच जण याच टप्प्यावर यंत्र कपाटात ठेवून देतात आणि पैसे फुकट गेले म्हणतात. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा ओळख व्हायला आठवडे लागतात. घरी शांत खोलीत रोज थोडा थोडा वेळ वाढवत जा, आणि त्रास झाला तर जुळणी करून घ्यायला परत जा, एकदा नव्हे, लागेल तेवढ्या वेळा.

मोतीबिंदूचं थोडक्यात सांगते. बहुतेकांचं हे ऑपरेशन पूर्ण भूल न देता, फक्त डोळा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. साधी एककेंद्री लेन्स, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी, बहुतेकांना पुरते, वाचायला चष्मा लागतो इतकंच. अंधुक दिसणं आणि झोपेची गोळी ही जोडी रात्री पडण्याला आमंत्रण देते, म्हणून हे लांबवू नका. तुमचा आरोग्य विमा यजमानांच्या नावाने होता का, त्यांच्यानंतर तो तुमच्या नावे चालू राहिला का, हे तारीख ठरवण्याआधी मुलाला कागद काढून बघायला सांगा. हप्ता त्यांच्या खात्यातून जात असेल आणि खातं बंद झालं असेल, तर विमा कधी संपला हे घरात कोणाला कळतही नाही.

झोपेची गोळी तुम्ही एकदम बंद करू नका, त्याने झोप आणखी उडते आणि काही गोळ्यांच्या बाबतीत ते धोक्याचंही असतं. ती हळूहळू कशी कमी करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. घरातली सगळी औषधं, यजमानांची उरलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा आणि कोणती चालू ठेवायची, कोणती टाकायची हे एकाच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता तुमचं ते वाक्य. कोणासाठी ऐकायचं आणि कोणासाठी बघायचं? ताई, शेवटच्या वर्षी त्यांना तुमचं नाव आठवत होतं का, मला माहीत नाही. पण त्यांना आता काही कळत नाही, मग खर्च कशाला, असं तुम्ही म्हणाला नाहीत. त्यांना दुखू नये, त्यांची कूस कोरडी असावी, त्यांना भीती वाटू नये, एवढं कारण तुम्हाला पुरेसं होतं. त्यासाठी तुम्ही निम्मी बचत घातलीत आणि आजही त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केलेली नाही. माणूस आहे म्हणून त्याला जपायचं, हा नियम तुम्ही पाच वर्षं पाळला. त्यातून तुम्हाला वगळायचं काही कारण मला सापडत नाही.

त्या वाक्यात “आता जगायचंच कशाला” हा अर्थ दडला असेल, तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवा. जीव नकोसा होणं, स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येणं, हे आजच्या आज मुलीला आणि डॉक्टरांना सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान दिलं आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ शोकाची धार जराही बोथट होत नसेल आणि त्यात रोजचे व्यवहार थांबले असतील, तर त्यावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. तुमच्या हलक्या सकाळी बघता तुम्ही तिथे नसाव्यात असं मला वाटतं, पण हे ठरवायला मी पत्रातून कोण? डॉक्टरांना सांगाच.

हे बरं होतं का, असं विचारलंत. हो, पण लोक समजतात त्यापेक्षा सावकाश. जर्मनीत हजारो माणसांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारून जी माहिती गोळा झाली, तिच्या आधारे २००३ मध्ये एक अभ्यास झाला. जोडीदार गेल्यावर आयुष्याबद्दलचं समाधान एकदम खाली येतं आणि जवळपास पूर्वीच्या पातळीला यायला सरासरी आठ वर्षं लागतात, असं त्यात दिसलं. आठ वर्षं रडण्यात जातात, असा याचा अर्थ नाही. चढ सुरुवातीलाच लागतो, फक्त तो लांब असतो. आणि माणसागणिक फरक मोठा असतो. अमेरिकेतल्या वृद्ध जोडप्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात जोडीदार गमावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे जण आधी आणि नंतरही मोठ्या नैराश्यात गेले नाहीत. म्हणून चौदा महिन्यांत तुम्ही “सावरायला हवं होतं” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आणि लवकर सावरलात तर त्याचीही लाज बाळगू नका. नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रूबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये शोकाचं जे वर्णन केलं ते मला सगळ्यात पटतं. माणूस गेलेल्याकडे वळतो, मग नव्या आयुष्याच्या कामांकडे वळतो, मग पुन्हा मागे. हे येणं-जाणं म्हणजेच शोकातून बाहेर पडण्याची रीत. विम्याचे कागद बघणं, श्रवणचाचणीला जाणं, हीसुद्धा त्यातलीच कामं आहेत.

उरले पैसे. मुलांच्या नावे आत्ता काहीही करू नका. मुलं चांगली आहेत, त्यावर माझा विश्वास आहे. पण इतक्या जवळच्या दुःखात घेतलेला, मागे न घेता येणारा पैशांचा निर्णय थांबवून ठेवावा. मृत्युपत्र करा, ते बदलता येतं. तुमची भीती ही आहे, की वय वाढेल तसा दवाखान्याचा खर्च वाढतच जाणार आणि मुलांवर पडणार. स्वित्झर्लंडमधल्या विम्याच्या नोंदींवर १९९९ मध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवलं, की खर्च वयापेक्षा आयुष्याच्या अखेरच्या काळाशी जास्त जोडलेला असतो. तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलंच आहे. तो खर्च वाढू नये यासाठी आज कान बंद ठेवण्याचा उपयोग नाही. त्यासाठी वेगळी गोष्ट करावी लागते : शेवटच्या आजारात मला काय हवं आणि काय नको, यंत्रांवर किती दिवस ठेवायचं, मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे लिहून ठेवायचं आणि दोन्ही मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवायचं. त्या वेळचा निर्णय तुमच्या एकटीवर पडला होता. तो किती जड असतो हे तुमच्याइतकं त्यांना कोणी सांगू शकणार नाही.

आणि अमेरिकेतल्या वृद्धांवरचा २०१३ चा एक अभ्यास सांगतो, की जुनाट आजार वाढत जातात तसं त्याच पैशातून मिळणारं सुख कमी होत जातं. म्हणजे ज्या सहलीसाठी, ज्या मैत्रिणीकडे जाण्यासाठी, ज्या शिकवणीसाठी तुम्ही पैसे “नंतर बघू” म्हणून ठेवताय, त्यांचं मोल आज जास्त आहे. बचतीचे दोन भाग करा. मोठा भाग आजारपणासाठी, लगेच काढता येईल असा. लहान भाग फक्त तुमचा, ज्याचा हिशेब मुलांनाही द्यायचा नाही. श्रवणयंत्र मोठ्या भागातून घ्या. लहान भागातून आठवड्यातून निदान एकदा घराबाहेर, माणसांत जाण्याची सोय करा, जिथे तुम्हाला कोणी रिपोर्ट विचारणार नाही.

श्रवणचाचणीला एकट्या जाऊ नका. मुलीला त्या दिवसाची रजा काढून यायला सांगा. आवाज कसा येतो हे ठरवताना ओळखीचा आवाज समोर असलेला बरा, आणि यंत्र कानात घातल्यावर पहिलं बोलणं तिच्याशीच होऊ द्या.